फिरती प्रयोगशाळा

लिलावाला आम्ही दोघंच.
भंगारवाला सत्तर हजारांवर थांबला,
मी एक्काहत्तर म्हटलं,
आणि जिच्यात एकवीस वर्षं
दुसऱ्यांच्या शेतांची माती चाळली
ती गाडी माझ्या नावावर झाली.

सुपडू मिस्त्रीने मागचं बाक काढून झोपायला फळी ठोकली.
परीक्षानळ्यांच्या खाचांत आता जिरं, ओवा, हळद,
वळणावरसुद्धा वाजत नाहीत.
बाहेरची अक्षरं तेवढी खरवडायची राहिली:
माती परीक्षण, फिरती प्रयोगशाळा.
‘राहू द्या ताई,’ तो म्हणाला, ‘रंगाचे पैसे वेगळे.’

घर आवरताना नमुना घ्यायचीच रीत वापरली.
सगळं एकत्र करा, चार वाटे घाला,
समोरासमोरचे दोन टाकून द्या.
उरलेलं मिसळा, पुन्हा चार.
अर्धा किलो उरेपर्यंत.
लग्नातली भांडी पहिल्याच फेरीत गेली.
ह्यांचा स्वेटर
प्रत्येक वेळी राहणाऱ्या वाट्यात कसा आला
ते मी तपासलं नाही.

कार्तिक. रावेर सोडलं तेव्हा
केळीची पानं कडांनी चिरलेली, वारा वरून, डोंगरातून.
सातपुडा माझ्या खिडकीत,
तापी रिकाम्या सीटच्या बाजूला.
दिसत नाही, पण आहे.
सावदा, फैजपूर, यावल.
काटा चाळीसच्या पुढे गेला की मागचं दार कुरकुरतं,
मी त्याला काही बोलत नाही.
दुपारचं ऊन अजून आश्विनातलंच,
सावलीत उभं राहिलं की मात्र पोटऱ्यांना कळतं.

अनेरच्या पुलाअलीकडे मुक्काम.
कळण्याची भाकरी, लसणाची चटणी, वर कच्चं तेल.
अष्टमीच्या चंद्रात कपाशी इतकी पांढरी
की आतला दिवा लावायची लाज वाटली.
मध्यरात्री चंद्र गेला, मग थंडी आली.
स्वेटर घातला. बाह्या लांब.

सकाळी पत्र्यावर थाप.
लोटन नावाचा पोरगा, हातात खताच्या पिशवीत माती.
‘मॅडम, माटी तपासतस ना?’
मशीन गेलं बाबा, रसायनं संपली,
मीही सुटले नोकरीतून,
आता या गाडीत मी नुसती राहते.
त्याने अक्षरांवर बोट फिरवलं.
‘मंग आठे काय लिखेल शे?’

आता याला काय सांगणार.
चिमूटभर माती ओली केली, बोटांत वळली.
लांब वळी झाली, तुटेना. चिकण.
डाळीसाठी ठेवलेलं लिंबू त्यावर पिळलं,
बारीक बुडबुडे फसफसले. चुनखड.
पाणी बेताने दे, म्हटलं.
नत्र, स्फुरद, पालाश मला विचारू नकोस,
जिभेवर येईल ते सांगायची मला सवय नाही.

त्याच्या मागे झिपाबाई, ओच्यात माती.
चार दिवसांवर तुळशीचं लगीन
आणि नवरीच वाळत चाललेली.
मी हुंगली. मोरीचं पाणी जातं का?
म्हातारी आधी गप्प. मग खदखदून हसली.
‘वहू टाकस! साबननं!’
जाताना वळून, ‘एकलीच शे का माय?’
हो म्हटलं.
तिने मूठभर शेंगा सीटवर ठेवल्या,
त्या बाजूच्या.

प्रकाशाला पोचले तेव्हा
गोमाई तापीत शिरत होती, गाजावाजा न करता,
आणि नदी पहिल्यांदा समोरच्या काचेत आली.
सीटखाली जुन्या लेबलांचा गठ्ठा सापडला.
एक घेतलं, भरायला बसले.
नाव. लिहिलं.
गाव. पुढे पाहू.
आधीचं पीक, पुढचं पीक.
खोली: इथे हात आपोआप बावीस सेंटिमीटर लिहायचा.
आज लिहिलं,
सहा फूट बाय साडेचार, एका माणसाला पुरते.

तेवढ्यात घाटावरून कुणीतरी ओरडलं,
ओ बाई, माती बघता का?
मी लेबल खाली ठेवलं
आणि दुसरं लिंबू शोधायला लागले.